बिंदुसरेच्या काठची सहल

इतिहास हा दफ्तरांत असतो, बखरींत असतो, शिलालेखांत व ताम्रपटांत असतो, ह्या समजुतीवर आमची आजवरची उपजीविका चालली आहे. आमचे सारे शिक्षण इंग्रजी ग्रंथांवर झाले; पुढे आम्ही जे शिकविले तेही बहुतांशी त्याच ग्रंथांच्या आधाराने. ज्या बीड शहरात आमची सुमारे तीस वर्षे गेली, त्याच्या आसमंतात काय आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु ठाऊक असणे आणि जवळ जाऊन पाहणे ह्यांत जे अंतर आहे, ते तोडण्याची निकड आम्हांस कधी भासली नाही. गेल्या मार्गशीर्षात आमच्या धाकट्या कन्येच्या शाळेची सहल खजाना विहीर पाहून पालीस गेली, आणि तीत पालक ह्या नात्याने सामील होण्याचा प्रसंग आम्हांवर आला. त्या एका दिवसात आमच्या समजुतीस जे तडे गेले, त्यांची हकीकत वाचकांस सादर करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमची ही कन्या आम्हांस उतारवयाच्या उंबरठ्यावर लाभलेली. तिची थोरली भावंडे शिक्षणासाठी बाहेरगावी गेली, आणि ती अद्याप इयत्ता तिसरीत आहे. थोरल्यांच्या एकाही सहलीस आम्ही गेलो नव्हतो. सहलीचे पैसे द्यावेत, संमतिपत्रावर सही करावी, आणि संध्याकाळी मूल परतले की ‘काय पाहिलेस?’ असे विचारून उत्तराची वाट न पाहता वर्तमानपत्र उघडावे, हा आमचा परिपाठ. ह्या खेपेस मात्र शाळेने चिठ्ठी पाठविली की, मुले लहान आहेत, विहीर व धरण अशी दोन्ही पाण्याचीच ठिकाणे पाहावयाची आहेत, सबब दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे म्हणून काही पालकांनी सोबत यावे. चिठ्ठी सौभाग्यवतींच्या हाती पडली. “अहो, इतिहासाचे प्राध्यापक तुम्ही, मग जायचे कोणी?” असे म्हणून त्यांनी आमचे नाव लिहून दिलेही.

शाळेची ही दक्षता अकारण नव्हती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रकिनारी पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले, आणि साऱ्या महाराष्ट्राच्या काळजाचे पाणी झाले. त्यानंतर शासनाने सहलींसंबंधीचे नियम कडक केले. कित्येक शाळांनी तर सहली बंद करून टाकण्यातच शहाणपण मानले. आमच्या कन्येच्या शाळेतील बाईंनी तसे केले नाही. मुलांस पाण्यापासून दूर ठेवून पाण्याचा धडा शिकविता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि दुष्काळी मुलखात राहून ते कोणास खोडून काढता येईल असे आम्हांस वाटत नाही.

शाळेची सहल ही संस्था आपल्याकडे आता इतकी रुळली आहे की, ती अनादि असावी असा भास होतो. वस्तुतः तिचे वय दोन-अडीचशे वर्षांहून फारसे अधिक नाही. जर्मनीत झाल्त्समान नामक शिक्षकाने सन १७८४ मध्ये श्नेप्फेनटाल येथे शाळा काढली, आणि मुलांस पायी बाहेर नेऊन डोंगर, शेते व कारागिरांचे उद्योग दाखविण्यास आरंभ केला. त्या शाळेच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी कार्ल रिटर हा पुढे आधुनिक भूगोलशास्त्राच्या प्रवर्तकांत गणला गेला. स्वित्झर्लंडात इव्हर्डन येथे सन १८०५ ते १८२५ पर्यंत पेस्टालोझीची शाळा चालली. तेथील मुले जवळच्या खोऱ्यात जात, तेथील माती बरोबर आणीत, आणि शाळेत येऊन त्या मातीने मेजावर त्याच खोऱ्याची प्रतिकृती उभारीत. नकाशा त्यांस त्यानंतर दाखविला जाई. आधी खोरे व मग नकाशा, हा क्रम आमच्या पाठशाळांनी नेमका उलटा करून ठेवला आहे. सन १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या अध्यासनावर आलेले पॅट्रिक गेडिस हेही हाच आग्रह धरीत की, ज्यास समाजाचा अभ्यास करावयाचा आहे त्याने आपले गाव आधी पायांखाली घालावे. गेडिससाहेबांचे हे मत आम्ही दरवर्षी वर्गात सांगत आलो आहोत. पायांस मात्र त्याची वार्ता आम्ही लागू दिली नव्हती!

ह्याचा अर्थ आपल्याकडे मुले पूर्वी घराबाहेर पडतच नव्हती असा नव्हे. जत्रा होत्या, वाऱ्या होत्या. पालीच्या पलीकडे मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आहे. तेथे कार्तिकी पौर्णिमेस यात्रा भरते, आणि बापाच्या खांद्यावर बसून त्या यात्रेस गेलेली मुले ह्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वाढली आहेत. परंतु त्या प्रवासात वाट मोठ्यांची असे व मूल सोबतीस असे. शाळेच्या सहलीने हा क्रम फिरविला. येथे वाट मुलांची, आणि मोठे माणूस असलेच तर सोबतीस. हा फेर लहान दिसतो. पण तो किती मोठा आहे ह्याची जाणीव आम्हांस त्या सकाळी गाडीत बसताच झाली. आमची जागा मुलांनी ठरविली, आमची पिशवी कोठे ठेवावी हे मुलांनी ठरविले, आणि आम्ही काय बोलावे हेही थोड्याच वेळात मुलांनीच ठरविले.

झाले असे की, आमच्या कन्येचा पुढला दुधाचा दात आदल्या दिवशीच पडला होता. पडलेला दात कौलांवर टाकावा अशी आपल्याकडे रीत. पण आमच्या घरास कौले नाहीत, म्हणून तिने तो गच्चीवर टाकला होता, आणि तसे केल्याने नवा दात येईल किंवा नाही ह्याविषयी गाडीत मोठा वाद माजला होता. तो मिटविण्यासाठी आम्ही सांगितले की, दात कौलांवर न टाकता पुरणारा एक बादशहाही ह्याच वाटेने गेला आहे. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक (कारकीर्द १३२५–१३५१) दक्षिणेच्या स्वारीवर असता वरंगळास आजारी पडला, आणि सन १३३५ च्या सुमारास माघारी दौलताबादेकडे निघाला. बीडच्या मुक्कामी त्याचा दात पडला. तो दात त्याने समारंभपूर्वक पुरविला व त्यावर कबर बांधविली, असे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. आणि बीडजवळच्या करजणी गावच्या टेकडीवरील जुनी इमारत ती हीच, असे लोक मानतात.

दाताची कबर! साठ मुलांच्या हास्याने गाडी दणाणली. निजामशाहीची वंशावळ सांगून जे आम्हांस पंचवीस वर्षांत साधले नव्हते, ते एका दाताने साधले. मुले आम्हांस घेरून बसली, आणि ‘पुढे काय झाले?’ असे विचारू लागली. इतिहासाच्या अध्यापकास ह्याहून मोठे बक्षीस कोणते?

खजाना विहीर बीडहून सोलापूरच्या रस्त्याने पाचसहा किलोमीटरांवर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दीत (१५६५–१५८८), सन १५८० च्या आगेमागे, सलाबतखान ह्या सरदाराने ती बांधविली, आणि तिची योजना राजा भास्कर नामक स्थपतीने केली, अशी परंपरा आहे. हा सलाबतखान म्हणजे नगरच्या दरबारातील प्रख्यात मंत्री. आजच्या अहिल्यानगरच्या पूर्वेस डोंगरावर जी तीन मजली इमारत दुरून दिसते व जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती वस्तुतः ह्याचीच कबर होय. विहीर दिसण्यात भव्य नाही. गोल बांधणीची, उतरण्यास पायऱ्या असलेली, फारशी खोलही नाही. तिचे वैशिष्ट्य डोळ्यांस दिसत नाही, कारण ते जमिनीखाली आहे. दक्षिणेकडून दोन भुयारांतून पाणी तीत येते, आणि तिसऱ्या भुयारातून ते उत्तरेकडे बाहेर पडून शेतांस मिळत आले आहे. मोट नाही, रहाट नाही, यंत्र नाही. पाणी आपल्या पायांनी येते व आपल्या पायांनी जाते.

बाईंनी मुलांस काठापासून अंतरावर रांगेने उभे केले, पालकांस मध्ये मध्ये उभे केले, आणि आम्हांस म्हटले, “सर, तुम्हीच सांगा ना.” आम्ही घसा साफ केला, आणि निजामशाहीची स्थापना सन १४९० मध्ये झाली येथून आरंभ केला. मुर्तझा निजामशहापाशी पोहोचेपर्यंत पुढच्या रांगेतील मुले जांभया देऊ लागली होती, आणि मागच्या रांगेतील मुले दाताची कबर येथून दिसते काय ह्याचा शोध घेत होती. इतक्यात आमच्या कन्येने विचारले, “बाबा, पण ही खोदली कोणी?”

“सलाबतखानाने,” आम्ही उत्तर दिले.

“त्याने स्वतः?”

प्रश्न साधा होता. मुलांपैकी कोणी हसले, परंतु आम्हांस हसू आले नाही. कारण ‘बांधविली’ हे क्रियापद आम्ही आयुष्यभर जेथे जेथे वापरले आहे, तेथे तेथे त्यातील ‘वि’ ह्या एका अक्षरात किती माणसे गाडली गेली आहेत, ह्याचा विचार आम्ही केलेला नव्हता. आम्ही काही बोलणार तोच रांगेच्या टोकाचा एक किडकिडीत मुलगा म्हणाला, “माझा आजा विहिरी खोदायचा, सर.”

बाईंनी त्यास पुढे बोलाविले. आधी तो लाजला. मग विहिरीकडे पाहत बोलू लागला. पहार कशी मारतात, खडक लागला म्हणजे सुरुंग कसा भरतात, घमेली वर ओढावयास पूर्वी माणसे असत व आता यारी असते, हे त्याने हातवारे करून सांगितले. भुयाराच्या वाटेवर जमिनीत ठराविक अंतरावर जी उभी विवरे पाडलेली आहेत, ती कशासाठी असावीत असे आम्ही त्यास विचारले. “माती वर काढायला,” तो म्हणाला, “अन् हवेला. आजा म्हणायचा, खाली दम कोंडतो.” मग थोडे थांबून त्याने आणखी सांगितले, “पाणी आपोआप येतंय म्हंजी भुयाराला उतार हाय. लई थोडा. जास्ती असला तर पाणी माती खातं.”

वाचकहो, ह्या पद्धतीस इराणात कनात किंवा करेज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भातील पाण्याचा थर गाठावयाचा, आणि अगदी अल्प उताराच्या भुयाराने ते पाणी सपाटीवर आणावयाचे, हे तिचे मर्म. उतार अधिक झाला तर प्रवाह भुयाराची जमीन खरवडून काढतो, कमी झाला तर गाळ साचतो. म्हणून कोसकोस लांबीत तो उतार राखणे हेच त्या विद्येतील सर्वांत कठीण काम समजले जाते. उभी विवरे खोदकामाची माती काढण्यासाठी, आत हवा खेळण्यासाठी व पुढे साफसफाईसाठी. बहमनी काळात बीदर येथे अशी भुयारे झाली. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहर आणली. आणि मोगलांनी बऱ्हाणपुरास सातपुड्याचे पाणी ह्याच रीतीने खेळविले. हे सारे आम्ही पुस्तकांतून वाचले होते, आणि ह्या विहिरीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर बसून वर्षानुवर्षे शिकविले होते. त्या मुलाने ते पुस्तक पाहिले नव्हते. त्याने आजोबांस पाहिले होते.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. तुघलकाच्या दाताची हकीकत ज्याने लिहून ठेवली तो फिरिश्ता बाळपणी आपल्या वडिलांबरोबर अहमदनगरास आला. त्याचे वडील तेथील राजपुत्र मिरान हुसेन ह्यास फारसी शिकविण्यासाठी आले होते, आणि फिरिश्ता त्या राजपुत्राच्या सोबतीने शिकला. पुढे तो मुर्तझा निजामशहाच्या चाकरीत राहिला, आणि सन १५८९ मध्ये विजापुरास गेला. म्हणजे ही विहीर खोदली जात होती त्या दिवसांत हा इतिहासकार त्याच राज्यात, त्याच धन्याच्या पदरी होता. अडीचशे वर्षांपूर्वी पडलेल्या एका दाताची नोंद ठेवण्याइतकी चौकस दृष्टी त्यास लाभली होती. पण ज्यांनी पहार मारली, ज्यांनी घमेली ओढली, ज्यांचा खाली दम कोंडला, त्यांतील एकाचेही नाव आपणांपर्यंत आलेले नाही. दातास कबर मिळाली, हातांस नावही मिळाले नाही. ह्यात फिरिश्त्यास दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या काळच्या इतिहासाची व्याख्याच तशी होती. दोष असलाच तर तो आमच्यासारख्यांचा, ज्यांनी व्याख्या बदलल्याचे व्याख्यानांतून सांगितले व ती बदलली नाही.

विहिरीवरून गाड्या पालीस आल्या. बालाघाटाच्या डोंगरांतून निघालेली बिंदुसरा येथून बीडकडे वाहते, आणि पालीजवळ तिला बांध घालून धरण केलेले आहे. बीड शहरास ह्या तलावाने दीर्घकाळ पाणी पाजले. ही नदी सामान्यतः इतकी कृश असते की, तिला नदी म्हणण्याचा नवख्यास संकोच वाटावा. परंतु सन १९८९ च्या जुलैत हीच एका रात्रीत बीड शहरात शिरली, आणि अनेकांचे प्राण व संसार घेऊन गेली. ते वृत्त आम्ही विद्यार्थिदशेत वाचले होते. ज्या मुलखात सन १९७२ चा दुष्काळ घरोघर सांगितला जातो, सन २०१६ मध्ये ज्याच्या शेजारच्या लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्याच मुलखास पुराचेही भय असावे, हे दैवदुर्विलसित खरे. पाणी नसणे आणि पाणी आवरता न येणे ही एकाच दुखण्याची दोन रूपे आहेत. सलाबतखानाच्या त्या अनामिक खणणारांनी त्यावर जो उपाय शोधला होता, तो म्हणजे पाणी जमिनीच्या पोटात जपावे व लागेल तितकेच बाहेर आणावे. बाईंनी हेच मुलांस दोन वाक्यांत सांगितले, आणि मुलांस ते समजले. आम्ही त्यावर एक तासिका घेतली असती.

धरणापासून दूर झाडांच्या सावलीत सतरंज्या अंथरून मुले जेवावयास बसली. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या असे नाना पदार्थ डब्यांतून निघाले, आणि पाहता पाहता ते एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेले. तो किडकिडीत मुलगा आमच्या वाटणीच्या दहा मुलांतच होता. त्याच्या डब्यात बाजरीची भाकरी व ठेचा होता. त्यास आमच्या कन्येचे धपाटे आवडले, तिला त्याची भाकरी आवडली. बोलता बोलता तिने त्यास विचारले, “तुझे बाबा का नाही आले सहलीला?”

“ते ऊस तोडायला गेलेत. आई बी गेलीय.”

“मग ते तुझ्याबरोबर कधीच सहलीला येत नाहीत?”

मुलगा क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, “मीच जायचो त्यांच्यासंगं. कोल्हापूर पाह्यलं, सांगली पाह्यली, कर्नाटक पाह्यलं. औंदा आजीनं ठेवून घेतलं, शाळा बुडती म्हणून.”

आमच्या कन्येस हे ऐकून मोठा हेवा वाटला. “बाबा, तो किती लांब लांब गेलाय!” असे ती आम्हांस म्हणाली. आम्ही काही उत्तर दिले नाही. त्याच्या संमतिपत्रावर पालकाच्या सहीच्या जागी आजीचा अंगठा होता, असे बाईंनी नंतर आम्हांस हळूच सांगितले. सहलीचे पैसे आजीने शेळीचे दूध विकून भरले होते.

ह्या प्रवासासही एक इतिहास आहे, आणि तो बीड जिल्ह्याच्या पाठ्यपुस्तकात अग्रस्थानी असावयास पाहिजे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सन १९५० मध्ये सुरू झाला. त्याच्यामागून पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक कारखाने उभे राहिले. पाटाच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि तो तोडण्यास हात हवे झाले. ते हात जेथे पाणी नव्हते तेथून आले. सन १९७२ च्या दुष्काळानंतर तर बालाघाटाच्या माथ्यावरील गावेच्या गावे दिवाळी झाली की रिकामी होऊ लागली. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, टोळीत नाव लागावयाचे, आणि पाचसहा महिने कारखान्याच्या हद्दीत पाचटाच्या कोपीत राहून ती उचल फेडावयाची. ह्या व्यवहारात माणसे मोजण्याचे परिमाण ‘कोयता’ हे आहे. नवरा व बायको मिळून एक कोयता. त्यांच्यामागे गेलेली मुले त्या हिशेबात धरली जात नाहीत. ती कोपी राखतात, धाकटे भावंड सांभाळतात, वाढे गोळा करतात. ज्या मार्गशीर्ष-पौषात शाळांच्या सहली निघतात, तोच ऊसतोडीचा ऐन हंगाम. म्हणजे एकाच ऋतूत ह्या जिल्ह्यातील मुलांच्या दोन सहली निघतात. एकीत आईबाप मुलांच्या सोबतीस येतात, दुसरीत मुले आईबापांच्या मागे फरफटत जातात.

ह्यावर कोणी काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी सन १९४५ मध्ये बोर्डीस बालशिक्षणाचे केंद्र काढले, ते पुढे कोसबाडास नेले, आणि गुरांमागे रानात जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्षात आणून दाखविले. त्याच तत्त्वावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. पुढे मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली, आणि सन २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहे काढण्याचे ठरले. हे प्रयत्न स्तुत्य होत. परंतु त्या मुलाच्या बाबतीत ह्या साऱ्या योजनांचे काम त्या दिवशी एका वृद्ध आजीने व एका शेळीने केले होते, हेही आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

आमच्यापुरते बोलावयाचे तर, ह्या सहलीने आमच्या अध्यापनात एक लहानसा बदल घडविला. आमच्या महाविद्यालयात येणारे बहुसंख्य विद्यार्थी खेड्यांतून येतात. त्यांतील कित्येकांचे आजोबा विहिरींवर राबले, कित्येकांच्या आज्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, आणि कित्येकांचे आईबाप आजही कोयता घेऊन जातात. ह्या मुलांस आम्ही फ्रान्सच्या राज्यक्रांतीची कारणे लिहावयास लावीत होतो, आणि त्यांच्या घरातील इतिहास परीक्षेस नाही म्हणून वर्गाबाहेर ठेवीत होतो. फ्रान्सच्या राज्यक्रांतीस आमचा विरोध नाही. पण ह्या वर्षी आम्ही प्रत्येकास सांगितले आहे की, गावातील एक जुनी विहीर निवडावी, ती कोणी बांधविली हे तर लिहावेच, पण ती कोणी खणली हे ज्यांस आठवते अशा वृद्ध माणसांस शोधून त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. पहिल्या महिन्यात आलेल्या वह्यांत खणणारांची काही नावे आली आहेत. ही माणसे फार तर तीन पिढ्यांमागची. त्यापलीकडे स्मृती पोहोचत नाही, आणि जी आहे तीही वृद्धांबरोबर दरसाल थोडी थोडी जात आहे. ठिकठिकाणच्या अध्यापकबंधूंनी हे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. त्यास अनुदान लागत नाही, परवानगी लागत नाही. एक वही, आणि ऐकण्याइतका वेळ, एवढेच लागते.

सहलीहून परतताना संध्याकाळ झाली. गाडीतील गलबला निवला होता, आणि निम्मी मुले झोपी गेली होती. खजाना विहीर मागे पडली तेव्हा आमच्या कन्येने खिडकीतून पाहत विचारले, “बाबा, आता त्याच्या आजोबांचे नाव विहिरीवर लिहिणार का?” त्याच्या आजोबांनी ही विहीर खोदली नव्हती, ती साडेचारशे वर्षांपूर्वीची आहे, हे आम्ही तिला समजावून सांगितले. तिला ते पटले; पण ती म्हणाली, “मग त्यांनी खोदलेल्या विहिरीवर?” त्यावर आम्ही तिला खरे तेच सांगितले की, तसे कोणी लिहीत नाही.

पुढील वर्षीच्या सहलीच्या चिठ्ठीवर आमचे नाव आम्ही आपल्या हाताने लिहिणार आहोत. आमच्या वाटणीच्या दहा मुलांत तोही असावा अशी आमची इच्छा आहे. परंतु त्याची आजी थकत चालली आहे, असे बाई म्हणाल्या. आणि पुढच्या दिवाळीनंतर तो तिसरी संपवून चौथीच्या वर्गात बसलेला असेल की कोपीच्या दाराशी धाकटे भावंड घेऊन बसलेला असेल, हे आज कोणासच सांगता येणार नाही.